अटकेच्या अलीकडचे लोक : पंजाब, त्याचे राज्यकर्ते आणि त्याची भाषा



'अटकेपार झेंडा लावला' असे आपण सहज म्हणतो. कुणाचा मुलगा परदेशी जाऊन नाव काढतो, कुणाचे गाणे परगावी गाजते, की हा वाक्प्रचार ओठांवर येतो. अटक हे सिंधू नदीवरचे गाव आणि किल्ला. आज ते पाकिस्तानच्या पंजाब प्रांताच्या वायव्य टोकाला आहे. १७५८ साली मराठी फौजा तिथवर पोचल्या, त्याची ही आठवण. आपल्याला ती अभिमानाची वाटते आणि त्यात वावगे काही नाही. पण या वाक्प्रचारात झेंडा आहे, घोडा आहे, नदी आहे. अटकेच्या अलीकडे राहणारा माणूस मात्र कुठेच नाही. ज्याच्या उभ्या पिकातून ती फौज गेली, त्याने तिच्याआधी किती फौजा पाहिल्या होत्या आणि नंतर किती पाहिल्या, हे आपण सहसा विचारत नाही. हा लेख त्या माणसाविषयी आहे.

आमच्या व्यवसायात रुग्ण आला की आधी त्याची हकीकत नीट ऐकून घ्यायची शिस्त आहे. आज काय दुखते एवढ्यावर भागत नाही. पूर्वी काय होऊन गेले, कशाने त्रास वाढतो, कशाने बरे वाटते, हेही विचारावे लागते. पंजाबी समाजाची हकीकत या पद्धतीने वाचू लागलो, तेव्हा एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा थांबलो. गझनीचे तुर्क, दिल्लीचे सुलतान, मोगल, अफगाण, शीख, इंग्रज असे राज्यकर्ते तिथे जवळजवळ नऊशे वर्षे एकामागून एक आले, आणि त्यांतल्या एकानेही लाहोरच्या दरबारात पंजाबीला राज्यकारभाराची भाषा केले नाही. जो राजा स्वतः पंजाबी बोलत होता, त्यानेही नाही. तरीही ती भाषा जगली. मग ती कशावर जगली, आणि तिला खरा धोका कधी झाला? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

नद्या आणि वाट

पंज म्हणजे पाच आणि आब म्हणजे पाणी. झेलम, चिनाब, रावी, बियास आणि सतलज या त्या पाच नद्या. दोन नद्यांमधल्या जमिनीला तिथे दोआब म्हणतात, आणि त्यांची नावे नद्यांच्या नावांची आद्याक्षरे जोडून केलेली आहेत. बियास आणि रावीमधला तो बारी दोआब, रावी आणि चिनाबमधला रचना, चिनाब आणि झेलममधला चज. अमृतसर आणि लाहोर ही दोन्ही शहरे एकाच बारी दोआबात येतात. आज त्यांच्या मधून सीमा गेली आहे.

ही जमीन सुपीक, आणि वायव्येकडच्या खिंडी उतरून दिल्लीकडे जाणारा रस्ता याच जमिनीवरून जातो. पंजाबचे भाग्य आणि दुर्भाग्य या एकाच गोष्टीत आहे. इसवी सनपूर्व ३२६ मध्ये शिकंदराने झेलमच्या काठी पोरसाशी लढाई केली, आणि पुढे बियासपाशी त्याच्या सैन्याने आणखी पुढे जायला नकार दिला. त्यानंतर दोन हजार वर्षांत याच वाटेने जी सैन्ये आली, त्यांतली बहुतेक दिल्ली गाठायला निघालेली होती. पंजाब हे त्यांचे मुक्कामाचे ठिकाण नव्हते. वाटेतले कोठार होते.

फारसीचे लाहोर, लोकांची पंजाबी

अकराव्या शतकाच्या आरंभी गझनीच्या महमुदाने पंजाब आपल्या राज्याला जोडला. पुढे गझनी हातची गेल्यावर त्याच्या वंशजांनी लाहोरलाच राजधानी केली. ११८६ मध्ये घोरींनी लाहोर घेतले, आणि मग दिल्लीची सुलतानशाही आली. १२४१ मध्ये मंगोलांनी लाहोर उद्ध्वस्त केले, १३९८ मध्ये तैमूर इथूनच दिल्लीवर गेला. या सगळ्या काळात दरबारची भाषा फारसी होती, आणि लाहोर हे फारसी कवितेचे मोठे केंद्र झाले होते.

पण दरबाराबाहेर वेगळे काही चालले होते. तेराव्या शतकात पाकपट्टण येथे राहणाऱ्या बाबा फरीद या सूफी संताने लोकांच्या बोलीत रचना केल्या. फारसी त्यांना उत्तम येत होती. पण दर्ग्यावर येणारा शेतकरी, कोष्टी, पाणक्या यांना जे सांगायचे ते त्यांच्याच बोलीत सांगावे लागते. आपल्याकडे ज्ञानेश्वरांनी आणि महानुभावांनी त्याच शतकात जे केले, तेच हे.

गुरू नानक १४६९ मध्ये तळवंडी येथे जन्मले. तारुण्यात ते सुलतानपूर लोधी येथे दौलतखान लोदीच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, कामाला होते. राज्य म्हणजे काय हे त्यांनी मापाच्या बाजूने पाहिले होते. बाबराच्या स्वाऱ्याही त्यांनी पाहिल्या आणि त्यांवर रचना केल्या. बाबरवाणी या नावाने त्या ओळखल्या जातात. त्यांत लुटलेली गावे आहेत, स्त्रियांची विटंबना आहे, आणि रयतेचे रक्षण न करू शकलेल्या राज्यकर्त्यांवर ठपकाही आहे. आक्रमणाचे हे वर्णन दरबारी बखरकाराचे नाही. ज्याच्या अंगणातून घोडे गेले त्याच्या बाजूचे आहे.

दुसरे गुरू अंगद यांनी गुरुमुखी लिपीला शिस्त लावली. पाचवे गुरू अर्जुन यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात गुरूंच्या वाणीबरोबर बाबा फरीद आहेत, कबीर आहेत, रविदास आहेत, आणि आपले नामदेवही आहेत. नामदेवांची ६१ पदे त्यात आहेत. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान येथे नामदेवांचे स्थान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते, हे आपल्याला आठवत असेल. पंढरपूरच्या वाटेवरचा एक शिंपी आणि पाकपट्टणचा एक फकीर एकाच ग्रंथात एकत्र आले, ते कोणत्याही राजाच्या हुकमाने नाही.

या क्रमाकडे लक्ष द्यावे. या समाजाला आधी लिपी आणि ग्रंथ मिळाला. राज्य त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी आले. जी भाषा रोज पहाटे पाठात म्हटली जाते, तिला टिकून राहण्यासाठी तख्ताची वाट पाहावी लागत नाही.

मोगलांचा पंजाब

अकबर १५८५ ते १५९८ लाहोरला राहिला, म्हणजे ती मोगलांची राजधानीच होती. शहर वाढले, बागा झाल्या, व्यापार वाढला. महसुलाची पद्धतशीर आकारणी झाली; उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश सरकारचा. त्याच काळातला दुल्ला भट्टी हा बंडखोर लोकांच्या आठवणीत आहे. लोककथा सांगते की त्याने सारा द्यायचे नाकारले, श्रीमंतांना लुटले आणि गरिबांच्या मुलींची लग्ने लावून दिली. जानेवारीत लोहडीच्या शेकोटीभोवती मुले आजही त्याच्या नावाचे गाणे म्हणतात. अकबराच्या दरबाराचा इतिहास फारसीत लिहिला गेला. दुल्ला भट्टीचा पंजाबीत, आणि तोही मुलांच्या तोंडी.

पुढचा संघर्ष सर्वांना माहीत आहे. १६०६ मध्ये लाहोरला गुरू अर्जुन यांचे बलिदान झाले. सहावे गुरू हरगोविंद यांना जहांगिराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. सुटताना त्यांनी बावन्न राजांनाही आपल्याबरोबर सोडवले, असे परंपरा सांगते. किल्ल्यावरचा दाता बंदी छोड गुरुद्वारा त्याचीच खूण आहे. ग्वाल्हेरच्या वाचकांना तो परिचयाचा असेल. १६७५ मध्ये दिल्लीत नववे गुरू तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाला. १६९९ मध्ये आनंदपूर येथे गुरू गोविंदसिंगांनी खालसा स्थापन केला, आणि १७०८ मध्ये आपल्या नांदेडला त्यांचे देहावसान झाले.

नांदेडहूनच बंदा बहादूर पंजाबात गेला. १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकले आणि मोठ्या जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांना दिल्या, असे सांगितले जाते. १७१६ मध्ये दिल्लीत त्याची क्रूरपणे हत्या झाली. पण एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. मोगलांविरुद्ध उठलेल्या या माणसाच्या राजमुद्रेवरचा मजकूरही फारसीत होता. राज्य उलथवणाऱ्यालाही राज्याची भाषा म्हणून दुसरी भाषा सुचत नव्हती, इतकी ती सवय खोल गेली होती.

वीस वर्षांच्या स्वाऱ्या, आणि मराठे

१७३९ मध्ये नादिरशहा आला. १७४८ पासून अहमदशहा अब्दालीच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, आणि पुढची वीसेक वर्षे त्या थांबल्या नाहीत. १७५२ मध्ये मोगल बादशहाने पंजाब त्याला देऊनच टाकला. त्या काळातली एक पंजाबी म्हण आहे. तिचा आशय असा, की खाल्ले-प्यालेले तेवढेच आपले, उरले ते अहमदशहाचे. पंजाबी माणूस खर्चिक आणि खाण्यापिण्याचा शौकीन, अशी आपल्याकडे थट्टा चालते. ज्याचे साठवलेले धान्य पुढच्या हिवाळ्यात दुसऱ्याच्या घोड्यांनी खाल्ले, त्याने साठवायचे तरी कशाला? ती सवय स्वभावातून आली की अनुभवातून, याचा विचार थट्टेआधी व्हावा.

या गोंधळात १७५८ ची मराठी मोहीम येते. जालंदर दोआबाचा सुभेदार अदीना बेग याने मराठ्यांना बोलावले. रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर यांच्या फौजांनी शिखांच्या साथीने मार्चमध्ये सरहिंद आणि एप्रिलमध्ये लाहोर घेतले. लाहोरचा सुभा वर्षाला ७५ लाख रुपये खंडणीच्या बोलीवर अदीना बेगला देण्यात आला. काही महिन्यांतच अदीना बेग वारला, पुढच्या वर्षी अब्दाली परतला, आणि मराठी ठाणी उठली. १७६१ चे पानिपत मी सांगायला नको.

म्हणजे ज्याला आपण अटकेपारचा झेंडा म्हणतो, तो पंजाबात जेमतेम दीड वर्ष होता. तिथल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ७५ लाखांचा आकडा बदलला असेल; देणारे हात तेच होते. मराठ्यांना हिणवण्यासाठी मी हे सांगत नाही. पण एकच घटना एका घरात वाक्प्रचार होऊन राहते आणि दुसऱ्या घरात वसुलीचे एक साल, हे आपण लक्षात ठेवायला हवे.

त्या वीस वर्षांत खेड्यांचे रक्षण केले ते शिखांच्या मिसलींनी, म्हणजे घोडेस्वारांच्या जथ्यांनी. त्यांनी 'राखी' नावाची पद्धत चालवली. गावाने उत्पन्नाचा पाचवा हिस्सा द्यायचा आणि जथ्याने त्या गावाचे लुटीपासून रक्षण करायचे. चौथाई ज्यांनी वसूल केली त्यांच्या वारसांना ही व्यवस्था चटकन समजेल. १७६२ मध्ये अब्दालीने शिखांची मोठी कत्तल केली आणि अमृतसरचे मंदिर उडवून दिले. शिखांनी ते पुन्हा बांधले. आणि याच धामधुमीत, १७६६ च्या सुमारास, वारिस शाह या मुसलमान कवीने 'हीर' लिहिली. हिंदू, मुसलमान, शीख तिन्ही घरांत ती गायली गेली. राज्य कोणाचे हे ठरत नव्हते, पण भाषा कोणाची हे ठरलेले होते.

रणजितसिंहाचा दरबार

१७९९ मध्ये अठरा वर्षांच्या रणजितसिंहाने लाहोर घेतले आणि १८०१ मध्ये तो महाराज झाला. लहानपणी देवी आल्याने त्याचा डावा डोळा गेला होता. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते, पण माणसे वाचता येत होती. फकीर अजीजुद्दीन परराष्ट्र व्यवहार पाही, दिवाण दीनानाथ हिशेब पाही, फ्रान्स आणि इटलीहून आलेले सेनानी पायदळ घडवत. मुलतान, काश्मीर, पेशावर एकेक करून जोडले गेले. आता सैन्ये पंजाबातून खिंडींच्या दिशेने वर गेली.

१८०५ मध्ये यशवंतराव होळकर इंग्रजांशी लढत लढत अमृतसरपर्यंत गेले आणि त्यांनी रणजितसिंहाकडे मदत मागितली. मागावर जनरल लेक होता. रणजितसिंहाने पाहुणचार केला, मध्यस्थी केली, पण लढाईत उतरायला नकार दिला. डिसेंबरमध्ये बियासच्या काठी होळकरांचा इंग्रजांशी तह झाला. इंदूरकरांना हे कडू वाटणे साहजिक आहे. रणजितसिंहाला मात्र आपले चार-सहा वर्षांचे राज्य वाचवायचे होते, आणि १८०९ च्या अमृतसर तहात सतलज ही सीमा मान्य करून त्याने ते आणखी तीस वर्षे वाचवले.

माझ्या व्यवसायाशी संबंधित एक गोष्टही याच दरबारातली आहे. ट्रान्सिल्वेनियाचा डॉक्टर होनिगबर्गर लाहोरला नोकरीत होता. मधल्या काळात युरोपला जाऊन तो हानेमान यांना भेटला आणि होमिओपॅथी शिकून १८३९ मध्ये परतला. शेवटच्या आजारात महाराजांना त्याने ती औषधे दिली, आणि भारतातल्या होमिओपॅथीच्या इतिहासाचा आरंभ आम्ही बहुधा तिथूनच सांगतो. थोडा उतार पडला, पण २७ जून १८३९ रोजी महाराजांचे निधन झाले. या डॉक्टरकडे दरबाराने बंदुकीच्या दारूचा कारखानाही सोपवला होता, यावरून त्या दरबाराची गरज काय होती ते कळते.

आता मूळ मुद्दा. हा राजा पंजाबी बोलत होता, ग्रंथसाहेबासमोर नतमस्तक होत होता, नाणीही त्याने स्वतःच्या नावाने नव्हे तर गुरूंच्या नावाने पाडली. पण त्या नाण्यांवरचा मजकूर फारसी होता, आणि दफ्तरही फारसीत चालत होते. पंजाबी होती छावणीत, देवळात, दर्ग्यात, बाजारात. व्यापारी आपल्या वह्या लंडे नावाच्या काना-मात्रा नसलेल्या लिपीत लिहीत, जशी आपल्याकडे मोडी होती.

इंग्रजांनी दिलेली भाषा

रणजितसिंहानंतर दहा वर्षांत राज्य बुडाले. दोन युद्धे झाली. १८४६ मध्ये काश्मीर ७५ लाख नानकशाही रुपयांना गुलाबसिंगाला विकले गेले, आणि २९ मार्च १८४९ रोजी पंजाब खालसा झाला. दहा वर्षांच्या दलीपसिंगाकडून राज्य आणि कोहिनूर दोन्ही घेतले गेले.

नव्या सरकारला रयतेशी बोलायला भाषा हवी होती. १८५० च्या दशकात फारसीच्या जागी खालच्या कचेऱ्यांत उर्दू आणली गेली. इंग्रज अधिकारी आणि त्यांचे कारकून दिल्लीकडून आलेले, त्यांना उर्दू येत होती. पंजाबीला ते बोली समजत, आणि गुरुमुखीशी शिखांच्या गेलेल्या राज्याची आठवण जोडलेली होती. मग शाळेतही उर्दू आली, कारण नोकरी कचेरीत होती. लाहोरच्या सरकारी कॉलेजचे प्राचार्य लाइटनर यांनी १८८२ मध्ये पंजाबातल्या देशी शिक्षणाचा मोठा अहवाल लिहिला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे राज्य खालसा झाले तेव्हा मशिदी, धर्मशाळा, पाठशाळा, महाजनी शाळा मिळून ३ लाख ३० हजार विद्यार्थी शिकत होते. आता ते १ लाख ९० हजारांच्या आसपास उरले होते. हा अहवाल लिहिणारे स्वतः सरकारी नोकरीतले होते, हे विशेष.

त्याच सुमारास आणखी एक गाठ बसली. सिंग सभा, आर्य समाज, मुसलमानांच्या अंजुमन अशा संस्था पंजाबात उभ्या राहिल्या. शाळांची भाषा कोणती असावी यावर अर्जविनंत्या सुरू झाल्या. हळूहळू उर्दू मुसलमानांची, हिंदी हिंदूंची आणि पंजाबी शिखांची, अशी वाटणी सुशिक्षितांच्या मनात पक्की झाली. घरी तिघेही पंजाबी बोलत होते, तीच 'हीर' ऐकत होते. फक्त सही करताना, अर्ज भरताना, वर्तमानपत्र वाचताना ते वेगळे होऊ लागले.

बाहेरून मात्र पंजाब भरभराटीला आला होता. १८९० च्या दशकात चिनाबचा कालवा निघाला, ओसाड माळावर लायलपूर वसले, अमृतसर-जालंदरकडचे शेतकरी तिकडे गेले. सैन्यात पंजाबी जवानांचा वाटा मोठा झाला. पण त्याच कालव्याच्या वसाहतींवर सरकारने जाचक अटी घातल्या तेव्हा १९०७ मध्ये 'पगडी सांभाळ जट्टा' चळवळ उठली. लाला लजपतराय आणि अजितसिंग यांना मंडालेला पाठवले गेले, आणि ते विधेयक अखेर व्हाइसरॉयला रद्द करावे लागले. १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बाग त्यानंतरचे. सरकारी आकडा ३७९ मृतांचा, लोकांचा त्याहून बराच मोठा. अजितसिंगांचा पुतण्या भगतसिंग याच्याबरोबर २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात आपला खेडचा राजगुरूही फाशी गेला. विशीही न गाठलेल्या भगतसिंगाने पंजाबच्या भाषेच्या आणि लिपीच्या प्रश्नावर एक निबंध लिहिला होता, आणि तो हिंदीत लिहिला होता. पंजाबच्या शिकलेल्या मुलाची अडचण यात सगळी आली.

रेषा

१७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी, रॅडक्लिफ यांनी आखलेली सीमारेषा जाहीर झाली. त्याआधी ते भारतात कधी आले नव्हते. कोटीच्या घरात माणसे घरे सोडून निघाली. किती मेली याचे अंदाज दोन लाखांपासून दहा लाखांपर्यंत आणि त्यापुढेही जातात. मारणारे आणि मरणारे बहुतेक पंजाबीच बोलत होते.

यात एक लहान समाज होता, त्याचा उल्लेख मी जैन म्हणून करतो, आणि बडोद्याच्या वाचकांसाठीही करतो. पंजाबात जैनांची जुनी वस्ती होती. त्यांना भाबडे म्हणत. पंजाबातच जन्मलेले आचार्य विजयानंदसूरी, म्हणजे आत्मारामजी महाराज, १८९६ मध्ये गुजरांवाला येथे कालवश झाले आणि त्यांची समाधी तिथे झाली. त्यांच्या परंपरेतले विजयवल्लभसूरी १८७० मध्ये बडोद्यात जन्मले आणि पंजाबात त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला. फाळणीच्या पावसाळ्यात त्यांचा चातुर्मास गुजरांवाल्यालाच होता. चातुर्मासात साधूने गाव सोडायचे नसते. पण संघाला घेऊन त्यांना निघावे लागले, आणि ते अमृतसरला पोचले. मागे गुरूची समाधी राहिली, दुकाने राहिली, वह्या राहिल्या. त्या संघाबरोबर जे आले त्यात भाषा होती. ती उचलून आणावी लागली नाही.

फाळणीनंतर

आता 'कशाने वाढते, कशाने कमी होते' या प्रश्नाकडे येऊ.

भारताच्या पंजाबात हिंदू आणि शीख यांच्यात भाषेचा वाद पेटला. घरी पंजाबी बोलणाऱ्या अनेक हिंदू कुटुंबांनी जनगणनेत मातृभाषा हिंदी लिहावी असा प्रचार झाला, आणि अनेकांनी तसे लिहिले. १९५१ च्या जनगणनेत वाद इतका होता की पंजाबात हिंदी आणि पंजाबी वेगळ्या न मोजता एकत्र मोजाव्या लागल्या. राज्य पुनर्रचना आयोगाने पंजाबी सुभ्याची मागणी मान्य केली नाही. पुढे आंदोलने झाली, आणि १ नोव्हेंबर १९६६ रोजी हरियाणा वेगळा होऊन पंजाबीभाषक राज्य झाले. १९६७ च्या कायद्याने पंजाबी राजभाषा झाली. पण तोवर भाषेचा प्रश्न धर्माच्या प्रश्नात इतका मिसळला होता, की त्याचा निचरा झाला नाही. १९८४ आणि त्याच्या पुढेमागे पंजाबाने आणि दिल्लीतल्या शिखांनी जे भोगले, त्याची कारणे अनेक आहेत. ही गाठ त्यांतली एक.

पलीकडच्या पंजाबाची हकीकत याहून विचार करायला लावणारी आहे. तिथे पंजाबी लोकच बहुसंख्य, सैन्यात तेच, कचेऱ्यांत तेच. पाकिस्तानात सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा पंजाबी आहे. उर्दूच्या सक्तीविरुद्ध १९५२ मध्ये ढाक्यातली मुले गोळ्यांना सामोरी गेली. लाहोरला तशी गरजच वाटली नाही. ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला सत्तेची भाषा आपलीच वाटू लागते. आज तिथली मुले शाळेत उर्दू आणि इंग्रजी शिकतात. शहरातल्या अनेक सुशिक्षित घरांत आईवडील एकमेकांशी पंजाबी बोलतात आणि मुलांशी उर्दू. अब्दालीला, नादिरशहाला जे जमले नाही, ते असे घरच्या घरी, मुलांच्या भल्यासाठी, होत आहे.

या सगळ्यातून मी जे समजलो ते असे. राज्याने दुर्लक्ष केले म्हणून पंजाबी मेली नाही. नऊशे वर्षे तिला दरबार नव्हता, तरी ती जगली. कारण पाठ होता, 'हीर' होती, लोहडी होती, वहीखाते होते, आणि आई मुलाशी दुसऱ्या भाषेत बोलत नव्हती. तिला धोका झाला तो दोन कारणांनी. एक, ती एका धर्माची भाषा ठरवली गेली आणि इतरांनी तिचा हात सोडला. दोन, ती बोलणाऱ्यांनाच ती मुलांसाठी कमी दर्जाची वाटू लागली.

आपली स्थिती वेगळी आहे, हे मला ठाऊक आहे. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या राज्यांत मराठीला दरबारही होता. तो गेला. बेळगावच्या सीमाभागात १९५६ पासून जो झगडा चालू आहे त्याचे न्याय्य उत्तर मिळावे, हे खरेच. पण सरकारच्या निर्णयाची वाट पाहत असताना घरात जे करता येते ते थांबवण्याचे कारण नाही. मराठी ही कोणा एका जातीची वा धर्माची नाही. इंदूरच्या मुसलमान कारागिराच्या, गोव्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्याच्या तोंडी ती आली तर तिला घरचीच मानावी. मुलगा-सून कन्नड, गुजराती, हिंदी, तेलुगू उत्तम बोलोत, तो आपला मोठा लाभ आहे. नातवंडांशी मात्र आजी-आजोबांनी मराठीतच बोलावे, उत्तर दुसऱ्या भाषेत आले तरी.

आणि जनगणनेचा माणूस दारात येईल, तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिले जाते ते एकदा वाकून पाहावे. पंजाबात तो रकाना भरताना लोकांनी शेजाऱ्याकडे पाहिले. आपण आपल्या घरात काय बोलतो ते आठवावे, आणि तेच लिहावे.